पाळणा लांबवायचा तर कोणाला विचारून?

माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. विचारलं की म्हणायची, "अकरा झाली, सहा हाताला लागली." सोलापूरकडच्या आमच्या कोरडवाहू गावात तिच्या वयाच्या बहुतेक बायकांचा हिशोब असाच असे. "मूल अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत," एवढा एकच उपाय तिला सासूकडून कळलेला, आणि त्यानंही तिला दोनदा दगा दिला. तिकडं मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते हा विषय उघडपणे मांडत होते, त्यापायी कोर्टाची पायरी चढत होते. त्यातलं अवाक्षरही आमच्या वेशीपर्यंत आलं नाही.

कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा लूप आला. माझ्या आत्यानं तो बसवून घेतला. अंगावरून फार जाऊ लागलं, तेव्हा ती चालत दवाखान्यात गेली. बसवणारी नर्सबाई बदलून गेली होती. असं होऊ शकतं, झालं तर लगेच ये, हे तिला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. गावात मात्र गोष्ट पसरली, की ती वस्तू पोटात वर चढते. आज तांबीचं, म्हणजे कॉपर-टीचं, नाव काढलं तरी तरुण सुना हेच वाक्य बोलतात. आत्याला त्यांनी पाहिलेलंही नाही.

पुरुषांची भीती आणीबाणीतल्या नसबंदीची. माझे थोरले चुलते सांगत, जीपचा आवाज आला की बाप्ये माणसं उभ्या ज्वारीत शिरायची, रात्र तिथंच काढायची. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. त्यानंतर पुरुष या कामातून जे बाजूला झाले ते आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया ३७.९ टक्के होत्या, तर नवऱ्याची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के.

या जुन्या भीतीवर आजची लाज चढली आहे. आमच्या भावकीतली सून विशीतली. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच बायका विचारू लागल्या, "काय आहे का?" तिला दोन वर्षं थांबायचं होतं, नवऱ्यालाही. पण मेडिकलवाला चुलतसासऱ्यांचा दोस्त, आशाताई सासूबाईंच्या भिशीतल्या, आणि आरोग्य केंद्रात जायचं तर सासूबाई सोबत. निरोधचं पाकीट मागायचं कोणाकडे, ठेवायचं कुठं? वर प्रत्येकीनं बजावलेलं, पहिल्याआधी गोळ्या खाल्ल्या तर कूस बंद होते. वर्षाच्या आत पाळणा हलला. लग्न न झालेल्या मुलामुलींना तर प्रश्न विचारण्याचीसुद्धा सोय नाही.

खरं काय ते सांगायला अवघड नाही. गोळ्या थांबवल्या, तांबी काढली, की पुन्हा दिवस राहू शकतात. 'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं, त्यामुळे घरात लपवायला काही लागत नाही. ते बंद केल्यावर गर्भ राहायला काही महिने जास्त लागू शकतात, एवढंच. 'छाया'च्या गोळीत संप्रेरकं नसतात. निरोध गर्भाबरोबर रोगही टाळतो. हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे. पण आमच्याकडे केंद्राकडून बोलणं सुरू होतं ते दोन मुलं झाल्यावर, तेही ऑपरेशनचं. लग्न आणि पहिलं मूल यांमधल्या काळाबद्दल नव्या जोडप्याशी कोणीच बोलत नाही.

म्हणून माझं मागणं घरातल्या मोठ्यांकडे आहे. लग्नानंतर देवदर्शनाला जोडपं पाठवता, तसंच एकदा आरोग्य केंद्रातही पाठवा. दोघांना आत जाऊ द्या, आपण बाहेर थांबा. आणि परत आल्यावर काय ठरलं, ते विचारू नका.