सापाची ऊब

परवा अमेरिकेतल्या एका मित्राचा फोन आला. त्याच्या मुलाने हट्ट करून पाळलेल्या बॉल पायथनचं पोट भाजलं होतं. दुकानदाराने पिंजऱ्याबरोबर विजेवर तापणारा एक दगड दिला होता आणि एक माहितीपत्रक. "त्यात लिहिलंय तस्संच केलं रे सगळं!" मित्राचं हे वाक्य काही डोक्यातून जाईना. सूचना पाळूनही प्राणी भाजतो, म्हणजे बग सूचनेतच आहे. तो आला कुठून? शनिवार-रविवार त्यातच गेला.

सुरुवात लंडनपासून. १८४९ साली तिथल्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं स्वतंत्र घर उघडलं. उष्ण देशांतले साप तिथल्या थंडीत टिकत नाहीत हे लोकांना कळत होतं. मग उपाय काय? चक्क ब्लँकेट! आपल्याला थंडी वाजली की आपण पांघरूण घेतो, तेच सापाला. पण पांघरूण ऊब तयार करत नाही, आपल्या अंगातली अडवून धरतं. सापाच्या अंगात अडवण्याजोगी ऊब फारशी तयारच होत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. १८५० च्या सुमारास एका बोआने ते ब्लँकेट सरळ गिळलं आणि महिनाभराहून जास्त दिवसांनी परत बाहेर काढलं!

खरा बदल केला जोन प्रॉक्टर या बाईंनी. लहानपणापासून साप-सरडे पाळणाऱ्या, शाळेत गणिताच्या तासाला मगरीचं पिल्लू घेऊन जाणाऱ्या. आजारपणामुळे केंब्रिजला जाणं राहिलं, तरी १९२३ मध्ये त्या लंडनच्या संग्रहालयात या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या आराखड्यावर उभं राहिलेलं नवं घर १९२७ साली उघडलं. सगळी इमारत एकसारखी तापवण्याऐवजी त्यांनी विजेच्या मदतीने वेगवेगळ्या भागांना वेगवेगळं तापमान दिलं. प्रेक्षकांची जागा अंधारी आणि पिंजरे उजळलेले, मत्स्यालयात असतात तसे. १९३१ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी त्या गेल्या. ते घर मात्र आजही उभं आहे.

वेगवेगळं तापमान का हवं, याचं उत्तर मोजून दिलं ते रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकनांनी. १९४४ च्या त्यांच्या निबंधाने 'थंड रक्ताचे प्राणी' या शब्दाचीच पंचाईत केली. वाळवंटातले सरडे आणि साप ऊन-सावलीत ये-जा करून आपलं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. सावलीत जायची सोय काढून घेतली, तर वाळवंटातलाच प्राणी वाळवंटातल्या उन्हात काही मिनिटांत मरतो. म्हणजे सापाला नुसती ऊब नको असते, निवड हवी असते. आमच्या भाषेत सांगायचं तर थर्मोस्टॅट साप स्वतःच आहे. आपण फक्त एक गरम टोक आणि एक थंड टोक द्यायचं.

आता तो दगड बघा. १९८०-९० च्या दशकांत असे दगड भरपूर खपले. बाकी पिंजरा गार आणि ऊब एकाच ठिकाणी, तीही नियंत्रणाशिवाय. साप तिथेच पडून राहतो आणि भाजतो. ओरडत तर नाहीच बिचारा. निबंध १९४४ चा, चूक चाळीस वर्षांनंतरची. माहिती होती, पण पत्रकापर्यंत पोचली नव्हती.

प्रकाशाचंही तसंच. सापाला दिव्याची गरज नाही, अख्ख्या उंदरातून त्याला ड जीवनसत्त्व मिळतं, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण १९९९ मध्ये कळलं की बॉल पायथनच्या डोळ्यांत अतिनील प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत. २००८ च्या एका अभ्यासात अतिनील दिव्याखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं, तर २०१३ मध्ये बॉल पायथनवर केलेल्या अभ्यासात तसा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे 'सापाला' असं सरसकट लिहिणंच चूक. कुठल्या सापाला, ते सांगा. आणि हो, साधी काच अतिनील-बी किरण अडवते, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही.

मग माहितीपत्रक निवडायचं कसं? मित्राला चार प्रश्न दिले. वर तारीख आहे का? सापाच्या जातीचं नाव आहे का? तापमानं दोन आहेत का? (बॉल पायथनला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस उबदार बाजूला, २४ ते २७ गार बाजूला.) प्रत्येक हीटरला थर्मोस्टॅट लावा असं स्पष्ट लिहिलंय का? आणि लिहिणारा तीच वस्तू विकत असेल, तर दुसरीकडे पडताळून बघ.

(आपल्याकडे कुणाला उत्साह आला असेल तर आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले देशी साप घरात पाळता येत नाहीत. ते बाहेरच बरे, ऊन-सावली त्यांची ते शोधतात.)

दगड मित्राने कचऱ्यात टाकला. सापावर प्राण्यांच्या डॉक्टरांचं मलम चालू आहे, जखम भरतेय. मुलगा म्हणे रोज दोन थर्मामीटर वाचून वहीत लिहितो. ब्लँकेटपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षं लागली. असो!