पुलाची झीज, कुणाच्या पदराला?

पावसाळ्यात बातम्या लागल्या की सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं, ते आपण ऐकतो. आपल्या माणगंगेत तेव्हा पुष्कळदा पाय भिजण्याइतकंही पाणी नसतं, तो भाग वेगळा. आज त्या पुलापासून सुरुवात करू.

हा पूल १९२९ साली खुला झाला. त्याच वर्षी देशात रस्त्यांच्या खर्चाची नवी वाटणी सुरू झाली. त्याआधी नाक्यानाक्यावर टोल असे. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८७५ सालचा कायदा होता. पुढे मोटारी वाढल्या आणि लोकल बोर्डांना रस्ते झेपेनात. मग १९२७ साली बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला. जो जास्त पेट्रोल जाळेल, तो जास्त देईल. हिशेब सोपा, पण अर्धाच.

कारण रस्ता झिजतो तो वजनानं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून आणि पुलांवरून दिवसरात्र ट्रक पळवून पाहिले. गाडीच्या एका आसावरचं (ड्रायव्हर त्याला एक्सल म्हणतात) वजन दुप्पट झालं, तर रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते, असं दिसलं. आम्हीही हा आकडा दोनदा वाचला!

पुलाचं थोडं निराळं. ऊन, पाऊस, पायाखालची वाहून जाणारी माती यांनी तो गाड्यांविनाही खंगतो. तो खर्च सगळ्यांचा. पण पूल जाडजूड बांधावा लागतो तो जड गाड्यांसाठी. गटानं मिळून भांडं घ्यायचं ठरवलं, सगळ्यांना पातेलं पुरतं आणि एकीला गावजेवणाची काहील हवी. तर पातेल्याइतके पैसे सगळ्यांनी भरावेत, वरचे तिनं. पुलाचा खर्च वाटायची एक रीत अशीच आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे हा मूळ दर धरला, बस-ट्रकला २ रुपये २० पैसे. म्हणजे साडेतीन पटही नाही. ट्रकवाल्याचा दर वाढवा म्हणणं सोपं आहे. पण तो भाडं वाढवणार, आणि ते आपल्या पेंडीच्या पोत्यावर, तेलाच्या डब्यावर येणार. १ जून २०१५ पासून राज्यातल्या ५३ नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला टोल माफ झाला. त्याची भरपाई ठेकेदारांना सरकारी तिजोरीतून द्यायची ठरली. त्या तिजोरीत गाडी नसलेल्या बाईचेही पैसे असतात.

२०१८ साली चार चाकांच्या एका आसावरची वजनाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. पूल मात्र होते तेच राहिले. आयर्विन पुलावरून जड वाहनं सोडणं तर कधीच बंद झालंय.