इंटरकॉम ते कॅमेरा : आपल्या अंदाजपत्रकाची पंचवीस वर्षे

स्मरणिकेसाठी जुने हिशेब चाळावेत म्हणून ऑफिसातलं कपाट उघडलं आणि दोन रविवार तिथेच गेले. पहिल्या जमाखर्चात पाणीपट्टी, वॉचमनचा पगार, सफाई, लिफ्ट असे मोजकेच खर्च दिसतात. आज त्याच पत्रकात इंटरकॉम, सीसीटीव्ही, वाय-फाय, हॉलचे स्पीकर यांच्या ओळी आहेत. त्या एकेक करून कशा आल्या, त्याची ही हकीकत.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्या काळात ज्याच्या घरी टीव्ही, त्याचा गच्चीवर अँटेना आणि खर्चही त्याचाच. आपण मुलुंडला राहायला आलो तोवर केबल घरोघर पोचली होती. केबलवाल्याचे पैसे जो तो देई, सोसायटीचा संबंध नव्हता. पण वायरींसाठी भिंतींना पाडलेल्या भोकांतून पावसात ओल आली आणि ती दुरुस्ती सोसायटीच्या माथी बसली. २०१२ च्या अखेरीस मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुढे फायबर आलं. शेवटी जिन्यात सगळ्या वायरींसाठी एकच पाइप टाकला. तो इमारत बांधतानाच टाकला असता तर किती वाचले असते!

सुरक्षेवरचा पहिला मोठा खर्च इंटरकॉमचा. १३ मार्च २००३ ला मुलुंड स्टेशनात लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाला, त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आला. वाद रंगला तो वर्गणीवर. लहान फ्लॅटवाल्यांनी मोठ्यांएवढे पैसे का द्यायचे? तेव्हा बी विंगमधले एक काका उठले आणि म्हणाले, "चोर काय कार्पेट एरिया मोजून येतो का?" सभा हसली आणि समान वर्गणीचा ठराव मंजूर झाला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर कॅमेरे आले. गेट, दोन्ही विंगचे जिने आणि पार्किंग. तीन कोटेशन मागवली, सर्वांत कमी दराचं घेतलं. पुढे दोन वर्षं मेंटेनन्स वाढू नये म्हणून आपण कॅमेऱ्यांच्या वार्षिक देखभालीच्या करारालाच कात्री लावली. तेव्हा मीच खजिनदार होतो, ती ओळ माझ्याच पेनाने खोडली आहे.

त्यानंतर पार्किंगमधून एका सभासदाची मोटरसायकल गेली. पोलिसांनी फुटेज मागितलं. स्क्रीनवर चित्र दिसत होतं, पण हार्ड डिस्क बंद पडल्यामुळे काही महिन्यांत काहीच साठलं नव्हतं. संशय रात्रपाळीच्या मामांवर गेला. कोणी उघड बोललं नाही, पण नजरा बदलल्या. महिनाअखेरीस मामा पगार घेऊन गावी गेले. गाडी नंतर सापडली, चोर बाहेरचा निघाला. मामांना ते सांगायला आपल्याकडे त्यांचा पत्तासुद्धा नव्हता.

म्हणून पुढच्या कमिटीला एवढंच सांगणं. यंत्राची किंमत म्हणजे त्याचा खर्च नव्हे. वायरिंग, यूपीएसची बॅटरी, हार्ड डिस्क, देखभालीचा करार हे सगळं धरून अंदाजपत्रक करा. साठ हजारांचं यंत्र सहा वर्षं टिकणार असेल, तर वर्षाला दहा हजार आजपासूनच बाजूला टाका. आदर्श उपविधींप्रमाणे आपण बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी जमवतो, पण तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी आहे, कॅमेऱ्यांसाठी नव्हे. यंत्रांसाठी सभेत ठराव करून वेगळा निधी ठेवावा. आणि महिन्यातून एकदा कोणीतरी कालचं रेकॉर्डिंग उघडून बघावं. त्याला पैसे लागत नाहीत.

गेटवर आज नवे मामा आहेत. त्यांचा गावचा पत्ता रजिस्टरमध्ये पहिल्याच पानावर लिहिला आहे.