गोवा जिंकणाऱ्याचा मदरसा

गोव्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत १४७२ हे साल एका ओळीत संपते. बहमनी वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवा घेतला, एवढेच. पान उलटले की १५१० आणि आल्बुकर्क. बिदरला मात्र हाच माणूस त्याने उभारलेल्या विद्यापीठामुळे ओळखला जातो, आणि ती इमारत पुरी झाली तीही १४७२ च्याच सुमारास. इकडे आपल्या बंदरावर त्याचे सैन्य उतरत होते, तिकडे त्याच्या मदरशाच्या भिंतींवर रंगीत फरशा चढत होत्या.

बहमनींची राजधानी आधी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती. पुढे ती बिदरला आली. गावान मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी. १४५३ मध्ये तो बिदरला पोहोचला आणि चढत चढत वजीर झाला. वजीर झाल्यावरही त्याने व्यापार सोडला नाही. स्वतःचा खर्च तो त्या नफ्यातून भागवी, असे फरिश्ता लिहितो. म्हणून या मदरशाला मी सरकारी म्हणणार नाही. ते एका माणसाचे विद्यापीठ होते.

इमारत तीन मजली, मधोमध मोठे अंगण. लांबी सुमारे २०५ फूट, रुंदी १८० फूट. चारही बाजूंना व्याख्यानाचे दिवाणखाने, शिवाय मशीद, ग्रंथालय, शिक्षकांची बिऱ्हाडे आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या. खोल्यांत वारा-उजेड खेळता राहील अशी रचना. धर्मशास्त्राबरोबर अरबी-फारसी, तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष शिकवत, आणि राहणे-जेवणे फुकट, असे सांगतात. आपण ज्याला हॉस्टेल म्हणतो ते इथे वर्गाला लागूनच होते.

गोव्याची स्वारी मात्र विद्येसाठी नव्हती. विजयनगरला अरबी घोडे पोचत ते आपल्या बंदरातून. ती वाट बहमनींना हवी होती. त्याआधी संगमेश्वर, खेळणा (म्हणजे विशाळगड) इथेही तो कठोरपणेच लढला. ग्रंथांचे वेड होते म्हणून तलवार बोथट होत नाही. तरीही एका ओळीत उरकावा असा हा माणूस नव्हे.

त्याचा शेवट आम्हा कारकून मंडळींनी मुद्दाम वाचावा असा आहे. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग वर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीतल्या वजिराचे डोके उडवले. नंतर संपत्ती शोधली तर खासगी तिजोरीत फारसे काही निघाले नाही. तीन हजार ग्रंथ होते, तेही विद्यार्थ्यांचे म्हणून ठेवलेले. कट उघडकीला आला, पण उशिरा. पुढच्याच वर्षी सुलतानही वारला.

१६५७ मध्ये बिदर औरंगजेबाकडे गेले. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मनोरा कोसळला. आज उरलेला एक मनोरा उभा आहे. निळ्या-पिवळ्या फरशांचे काही पट्टे त्यावर अजून चमकतात.

जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची एकटी कमान आपण रोज बसमधून बघतो. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना तिथे आला. आता त्या कमानीमागेही काही नाही.