साठवलेले हसू

वर्गात एक मूल फिस्सकन हसते आणि विनोद न कळलेली मुलेही हसू लागतात, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. हसू सांसर्गिक असते. पण एका प्रसंगाचे हसू उचलून दुसऱ्याच प्रसंगाला चिकटवणे सोपे झाले ते चुंबकीय फितीमुळे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतील रेडिओचे विनोदी कार्यक्रम बहुतेक थेट प्रक्षेपित होत. स्टुडिओतले श्रोते हसतील तेवढेच हसू घरी ऐकू येई. ध्वनिमुद्रण तबकडीवर करता येई, पण तबकडी कापून जोडता येत नसे. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अभियंत्याने जर्मनीतून फितीवर ध्वनिमुद्रण करणारी दोन यंत्रे अमेरिकेत नेली. १९४७ साली गायक बिंग क्रॉस्बी यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी ती वापरात आली. फीत म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेली प्लास्टिकची पट्टी. ध्वनीनुसार बदलणारा विद्युतप्रवाह या थरावर चुंबकीय ठसा उमटवतो. शिवाय पट्टी कापता येते आणि जोडताही येते.

मलिन यांनी पुढे एक हकीगत सांगितली. बॉब बर्न्स या विनोदकाराचे काही चावट किस्से प्रक्षेपणायोग्य नव्हते, पण श्रोते त्यांवर खदखदून हसले होते. किस्से गाळले, हसू मात्र जपून ठेवले. काही आठवड्यांनी एक कार्यक्रम फिका पडला, तेव्हा तेच हसू त्यात जोडले!

पुढे दूरचित्रवाणी आली. एकच दृश्य पुनःपुन्हा चित्रित होई. प्रेक्षक पहिल्यांदा हसत, चौथ्यांदा गप्प बसत. यावर चार्ल्स डग्लस या ध्वनी-अभियंत्याने १९५० च्या दशकात उपाय काढला, तो म्हणजे हास्याची पेटी. फितीची दोन टोके जोडून केलेली वेटोळी तिच्यात फिरत असत. तिच्या एका रूपात ३२ वेटोळी होती आणि प्रत्येकावर १० प्रकारचे हसू. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून बाईचे खिदळणे, पुरुषाचा गडगडाट किंवा साऱ्या सभागृहाचा हशा हवा तसा मिसळता येई. पेटीला कुलूप असे. आतली रचना डग्लस कोणाला सहसा दाखवत नसत.

सगळ्यांना हे रुचले नाही. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ (१९७२ ते १९८३) या मालिकेच्या निर्मात्यांना असे हसू नको होते. वाहिनीचा मात्र आग्रह होता. अखेर तडजोड झाली. शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हसू घालायचे नाही! जखमी सैनिक टेबलावर असताना कोणी हसावे कसे?

मग हे हसू खरोखर परिणाम करते का? २०१९ साली लंडनमधील संशोधकांनी ७२ प्रौढांना ४० सुमार विनोद ऐकवले. हसू जोडल्यावर तेच विनोद अधिक गमतीदार वाटले. आणि ओढूनताणून आणलेल्या हसण्यापेक्षा उत्स्फूर्त हसण्याचा परिणाम जास्त झाला.

आज डग्लसच्या पेटीचे काम मोबाईलवरचे एक बटण करते. सणासुदीच्या चित्रफितीत मुलेही असे हसू सहज जोडतात. वर्गात एक प्रयोग करून पाहा. एकच साधा विनोद एका गटाला नुसता आणि दुसऱ्याला हशासह ऐकवा. दोन्ही गटांना गुण द्यायला सांगा आणि मगच गुपित फोडा. आपले मत ठरवताना त्यातले आपले किती आणि शेजाऱ्याचे किती, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील. तो प्रश्न विनोदापुरता राहणार नाही.