दाराच्या आतल्या बाजूला

6 जानेवारी 1664, बुधवार. तुम्ही सुरतेत आहात, पण या खेपेला घोड्यावर नाही.

मराठी माणूस इतिहासातल्या सुरतेत शिरतो तो बुऱ्हाणपूर दरवाजाकडून, सुरत लुटायला आलेल्या शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर. शाळेपासून आपण सगळे त्याच वाटेने आलो. आज मात्र तुम्हाला दाराच्या आत बसायचं आहे, फादर अँब्रोज या फ्रेंच कापुचिन संन्याशाच्या घरात.

त्यांच्या अंगात जाड्याभरड्या कापडाचा तपकिरी झगा आहे. कमरेच्या दोरीला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. या पंथाचे आदिपुरुष संत फ्रान्सिस 1219 साली धर्मयुद्धाच्या ऐन धुमाळीत निःशस्त्र चालत इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेले होते. तोच वारसा या घरात आहे.

बाहेर पळापळ सुरू आहे. शहराला धड तट नाही. मोगल अधिकारी इनायतखान पाचशे शिपायांचा पगार उचलत आला, शिपाई मात्र ठेवले नाहीत. आता तो तापीकाठच्या किल्ल्यात दडला आहे. किल्ल्यात जागा मिळते ती पैसे मोजणाऱ्याला. जॉर्ज ऑक्सेंडनचे इंग्रज आपल्या वखारीवर ठाण मांडून आहेत, डचही आपली वखार राखताहेत. तुम्ही बसलात त्या घरात तोफ नाही आणि लाच द्यायला मोहराही नाहीत.

रात्र पडते, पण अंधार पडत नाही. शहरात घरं पेटली आहेत. दाराच्या फटीतून लाल उजेड भिंतीवर हलतो, धुराने डोळे चुरचुरतात. आणि मग आतून कुणीतरी बोलू लागतं: मागच्या दाराने निघ. ज्याला हाक मारतोस तो ऐकत नाही. हे बाहेरचे सगळे राक्षस आहेत, त्यांचा द्वेष कर.

लढाई इथे आहे. संत पौलाने साखळदंडात असताना इफिसकरांना पत्र लिहिलं. सहाव्या अध्यायात तो सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण चढवायला सांगतो, आणि पुनःपुन्हा एकच मागतो: उभे राहा. हे युद्ध रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असं तो बजावतो. म्हणजे बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरचा मावळा तुमचा वैरी नव्हे. वैरी आहे ती भीती, जी आधी तुमची प्रार्थना बंद करते आणि मग शेजाऱ्यावरचं प्रेम. मी हे वाक्य अनेकदा वाचलं होतं. ते पेटत्या गल्लीत किती अवघड आहे, हे सुरतेचा विचार करताना कळलं.

गुरुवारी तर कहर होतो. इनायतखानाचा वकील बोलणी करायला म्हणून छावणीत जातो आणि महाराजांवरच खंजीर उपसतो. पहारेकरी त्याचा हात छाटतो. महाराज गेले, अशी हूल उठते, आणि कैद्यांचे हात आणि मुंडकी उडू लागतात. ही खबर गल्लीत पोचते तेव्हा गुडघे टेकणं सोपं नसतं. टेका. पाठ असलेली प्रार्थना अडखळत का होईना, म्हणा. चिलखत असंच चढतं, एकेक बंद बांधत.

शुक्रवार जातो. शनिवार जातो.

महाराजांनी या घराला हात लावू दिला नाही, असं फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए याने लिहून ठेवलं आहे. हे पाद्री भले लोक आहेत, असं महाराजांचं मत पडलं. बर्निए आणखी एक घर सांगतो: डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं. तो हयातीत फार दानशूर होता म्हणून त्याचंही घर वाचलं. ही दोन घरं मला एकत्रच आठवतात. पाद्र्यांहून ज्याचा देव वेगळा होता, त्या राजाने दोन्हीकडची भलाई ओळखली.

रविवारी, 10 जानेवारीला, फौज दक्षिणेकडे वळते. तुम्ही कडी काढता. गल्लीत अजून राख उडते आहे, आणि कापुचिनांचं घर जागेवर आहे.