स्वस्त कॉम्प्युटरमधून काय काढून टाकलेलं असतं?

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जूनमधली गोष्ट. ताईचा फोन आला. "मुक्ताला लॅपटॉप घ्यायचाय. अठ्ठावीस हजार आहेत. वर एक रुपया नाही. तू बघ काय ते."

मुक्ता माझी भाची. डिप्लोमाचं पहिलं वर्ष तिनं अख्खं फोनवर काढलं. असाइनमेंट फोनवर टाइप केल्या, सी प्रोग्रॅम फोनवरच्या ॲपमध्ये चालवले, पीडीएफ वाचताना दोन बोटांनी मोठी करकरून डोळे लाल केले. तुम्हीही हे बहुतेक फोनवरच वाचत असाल, त्यामुळे त्यात काय त्रास असतो ते मी सांगायला नको.

मी "बघतो" म्हणालो. ताई पुढं काही बोलली नाही, पण फोन लगेच ठेवलाही नाही. आम्हा दोघांनाही २००५ आठवत होतं. त्याबद्दल नंतर सांगतो.

लॅपटॉप शोधायला बसलो आणि तासाभरात डोकं गरगरलं. सतरा हजारांचाही लॅपटॉप लॅपटॉपसारखाच दिसतो आणि पन्नास हजारांचाही. फोटोत सगळे चकचकीत, सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच निळा फुलोरा. मग फरक कुठंय? हा प्रश्न घेऊन मी जुन्या स्वस्त कॉम्प्युटरांबद्दल वाचत सुटलो. कामाचं सोडून इतिहासात शिरायची मला खोडच आहे. पण या वेळी त्याचा उपयोग झाला.

सुरुवात करू क्लाइव्ह सिंक्लेअरपासून. १९८० साली या इंग्लिश माणसानं 'झेडएक्स ८०' नावाचा कॉम्प्युटर १०० पौंडांच्या आत विकायला काढला. तेव्हाचे इतर घरगुती कॉम्प्युटर याच्या कित्येक पट महाग होते. यानं स्वस्त कसा केला? तर एकेक वस्तू काढून टाकत. स्क्रीन काढली, घरचा टीव्ही जोडा. डिस्क काढली, घरचा कॅसेट प्लेअर जोडा. कीबोर्डची बटणं काढली, त्या जागी नुसता दाबायचा सपाट पत्रा. सगळ्यात गंमत म्हणजे चित्र दाखवणारी वेगळी चिपसुद्धा काढली. टीव्हीवर अक्षरं उमटवायचं काम मुख्य प्रोसेसरच करायचा. त्यामुळे तो हिशेब करायला लागला की पडदा चक्क कोरा व्हायचा. एका वेळी एक, विचार तरी नाहीतर बोलणं तरी.

पुढच्या वर्षी 'झेडएक्स ८१' आला. आधीच्या यंत्रात २१ चिपा होत्या, यात फक्त ४. किंमत सत्तर पौंडांच्या आत. मेमरी १ केबी, म्हणजे १०२४ बाइट. आज देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या मोठ्या शुभेच्छासंदेशातच ती मेमरी भरली असती. जास्त मेमरी हवी तर मागच्या बाजूला एक डबी खोचायची सोय होती. पण ती डबी सैल बसायची. टेबलाला धक्का लागला की डबी हलणार आणि दोन तास टाइप केलेला प्रोग्रॅम गायब. इंग्लंडमधल्या पोरांनी ती डबी चिकटमातीनं चिकटवून ठेवली होती.

हे वाचताना मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण जे काढलं जातं त्याची किंमत वापरणाऱ्यानं कधीतरी भरलेलीच असते, दुकानात नाही तर घरी.

१९८२ मध्ये सिंक्लेअरनं 'स्पेक्ट्रम' काढला. रबरी बटणं, रंगीत चित्र, १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ला. याचं आपल्याशी नातं आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती भारतात बनवली, नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. त्या काळात आपल्याकडे बाहेरून कॉम्प्युटर आणणं म्हणजे दिव्य होतं. आयात कर प्रचंड, परवान्यांच्या भानगडी. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं आणि दार थोडं किलकिलं झालं. त्या फटीतून जे आत आलं त्यात हा छोटा स्पेक्ट्रम होता. ज्यांच्या घरी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर आधीच होता त्यांच्यासाठी तो खरंच परवडणारा होता. पण 'घरी टीव्ही आहे' हीच मुळात तेव्हा केवढी मोठी अट!

माझा आवडता स्वस्त कॉम्प्युटर मात्र दुसराच आहे, ॲमस्ट्रॅडचा 'पीसीडब्ल्यू'. १९८५, किंमत ३९९ पौंड अधिक कर. आणि यात स्क्रीन, डिस्क, कीबोर्ड, लिहायचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर, सगळं एका खोक्यात. कंपनीचा मालक ॲलन शुगर हिशेबाला पक्का. त्यानं प्रिंटरचा मेंदू काढून कॉम्प्युटरच्या डब्यात टाकला, त्यामुळे तो प्रिंटर दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जोडून उपयोग नाही. बाकीचं जग साडेतीन इंची फ्लॉपीकडे निघालं होतं, यानं तीन इंची घेतली. पडदा फक्त हिरवा. इतर कॉम्प्युटरांशी जुळवून घेणं हा प्रकारच काढून टाकला. पण जे काम करायचं होतं, म्हणजे लिहायचं आणि छापायचं, त्यातलं काही काढलं नाही. लेखक, पत्रकार, संशोधनाचा प्रबंध लिहिणारे यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. काय काढायचं हे ठरवण्याआधी शुगरनं कोण वापरणार आहे ते ठरवलं होतं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि खाली मुक्ताचं नाव लिहिलं.

आता २००५ कडे यायला हवं. पण त्याच्याही आधी २००२.

मी दहावीत होतो, ताई कॉलेजात. बाबा कारकून. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. ब्रँडेड कंपनीचा परवडत नव्हता, म्हणून 'असेंबल्ड'. त्या शब्दाला तेव्हा वेगळंच वजन होतं. १९९७ मध्ये भारतानं माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरचा आयात कर टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणायचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता. त्यामुळे सुटे भाग दरवर्षी उतरत होते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर ते भाग भाजीसारखे मांडलेले असायचे. गिरगावचे काका आम्हाला घेऊन गेले. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर. साडेएकोणतीस हजार. बिल म्हणून एका चिठ्ठीवर पेनानं आकडे. विंडोज 'टाकून दिलं', म्हणजे कसं ते त्या काळातल्या कुणालाही विचारा. रात्रीच्या एसटीनं गावी परतताना मॉनिटर बाबांच्या मांडीवर होता. घाटात गाडी वळली की ते त्याला दोन्ही हातांनी मिठी मारायचे.

२००५ मध्ये ताईचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट रिपोर्ट सत्तरेक पानांचा, आकृत्यांसकट, सगळा त्या कॉम्प्युटरवर. भारनियमन जोरात होतं, गावात रोज तासन्‌तास वीज नसायची. एका संध्याकाळी वीज आली ती झटक्यानं आली. डब्यातून 'फट्' असा आवाज आणि जळका वास. सबमिशनला दोन दिवस होते.

गावातल्या मेकॅनिकनं डबा उघडला. वीज पुरवणारा जो भाग असतो, एसएमपीएस, तो त्यानं बाहेर काढून माझ्या हातात दिला. "वजन बघ." मिठाईच्या रिकाम्या खोक्याइतकं. वर ४०० वॉटचं लेबल, आत विजेचा झटका अडवणारे भाग बसवलेच नव्हते, सर्किटवर त्यांच्या जागा नुसत्या मोकळ्या. त्यानं जाताना हार्ड डिस्कही नेली. दुकानात फोन केला तर "चिठ्ठीवर गॅरंटी लिहिलीय का?" एवढंच उत्तर. ताईचं सबमिशन चुकलं, सहा महिने गेले, आणि कॉलेजात आलेल्या कंपनीची मुलाखतही. तिनं रिपोर्ट पुन्हा लिहिला, आधी हातानं, मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत. बाबांचे हप्ते संपले होते. पण त्यांनी त्या कॉम्प्युटरला पुन्हा कधी हात लावला नाही.

आम्हाला कुणी फसवलं असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. आता थोडं वेगळं वाटतं. प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे आम्ही घोकून गेलो होतो. ज्याचं नाव माहीत होतं त्यावर घासाघीस केली. ज्याचं नावच माहीत नव्हतं तिथून दुकानदारानं पैसे काढले.

त्याच वर्षांत आपल्याकडे स्वस्त कॉम्प्युटरची मोठी स्वप्नंही पडत होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या इंजिनिअरांनी मिळून 'सिंप्युटर' रचला. हातात मावणारा, टच स्क्रीनचा, भारतीय भाषा बोलून दाखवणारा. एक यंत्र अख्ख्या गावानं वापरावं, प्रत्येकानं स्वतःचं स्मार्ट कार्ड घालून आपली माहिती उघडावी, अशी कल्पना. २००४ मध्ये त्याचा 'अमिडा' हा अवतार बाजारात आला, आयफोनच्या तीन वर्षं आधी, आणि यंत्र हलवलेलं त्याला कळत होतं. तरी तो फार विकला गेला नाही. तोवर साधे मोबाइल फोन झपाट्यानं स्वस्त होत होते.

निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्यक्षात तो जवळपास दुप्पट किमतीला पडला. भारत सरकारनं नकार दिला, तरी एक छोटा प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या धनगरवाड्याच्या शाळेत झालाच. यंत्र म्हणून ते सुंदर होतं, भर उन्हात वाचता येणारी स्क्रीन आजही स्वस्त लॅपटॉपला नसते. २०११ चा 'आकाश' टॅबलेट मात्र मी स्वतः हाताळलाय. सात इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम, आणि बोट फिरवायचं नाही, दाबायचं. किमतीचा आकडा आधी ठरवला आणि मग त्यात मावेल ते भरलं की काय होतं, त्याचा तो नमुना. मित्राच्या भावाला मिळाला होता. त्यानं महिनाभरात तो टीव्हीच्या कपाटात ठेवून दिला.

एवढं सगळं वाचून मी पुन्हा लॅपटॉपच्या पानांवर आलो. या वेळी काय दिलंय ते वाचणं सोडलं आणि काय काढलंय ते शोधायला लागलो.

सतरा-अठरा हजारांचे नवे लॅपटॉप: ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी. हे विंडोज ११ चालायला मायक्रोसॉफ्टनं सांगितलेलं अगदी किमान माप आहे. म्हणजे यंत्र चालू होईल, पण मुक्तानं काम सुरू केलं की जागा संपली. ईएमएमसी म्हणजे स्वस्त फोनमध्ये असतं तसलं स्टोरेज, बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं. रॅमही तशीच. पुढं वाढवता येणं हेच इथं काढून टाकलं होतं. सिंक्लेअरची डबी निदान बाहेर तरी होती.

पंचवीस ते अठ्ठावीसमधले जरा बरे, पण तिथं स्क्रीनवर हात मारलेला. अंधूक, बाजूनं बघितली की फिकट. प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात, स्क्रीनचा तपशील पान संपता संपता.

तिसरा मार्ग जुन्याचा. कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप काढून टाकतात, ते दुरुस्त करून विकले जातात. इथं एक अडचण होती. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर रीतसर चालतं. बाजारात बारा-तेरा हजारांत जे मिळत होते ते बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीचे. दिसायला छान, पण ऑक्टोबरनंतर सुरक्षा काढून टाकलेली. आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅमचा, २५६ जीबी एसएसडीचा, रॅमची एक खाच रिकामी असलेला एक सापडला, साडेएकवीस हजारांना. पक्कं बिल, वर्षाची वॉरंटी.

मुक्ताला फोटो पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "मामा, हा किती जाड आहे! आणि जुना? वर्गात सगळ्यांचे नवेत." तिचंही खरं होतं. अठराव्या वर्षी चारचौघांत काय घेऊन बसतो याला किंमत असते. ती मी हिशेबात धरलीच नव्हती. मी तिला दुकानात नेलं, नव्या अठ्ठावीस हजारांच्या शेजारी हा जुना ठेवला आणि दोन्हीवर तासभर टाइप करायला लावलं. पाऊण तासानं ती म्हणाली, "नव्याचं कीबोर्ड थरथरतंय." आणखी थोड्या वेळानं, "स्टिकर लावता येतील ना यावर?"

जुन्याची बॅटरी थकलेली होती, ती अडीच हजारांत नवी बसवली. चार्जर हातात घेऊन मी वजन बघितलं. दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. साडेतीन हजारांची एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. पाचशे रुपये उरले, त्यात स्टिकर आणि बसचं तिकीट.

घरी ताईनं लॅपटॉप उघडून बघितलाच नाही. आधी बिल हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, कपाटात ठेवलं. मग हार्ड डिस्कची पिशवी मुक्ताच्या हातात दिली.

"दर रविवारी," ती म्हणाली. "जेवायच्या आधी."